एकतिसावी वाटी

“आई, तुझ्या वाटीत तांदूळ किती बसतात म्हणाली होतीस?”

वन्संनी पाटीवरची नजर न काढता विचारलं. त्या खाटेवर बसल्या होत्या. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, खाली उशी. मांडीवर ह्यांची शाळेतली काळी पाटी, पाटीवर तांदूळ आणि हातात विणायची सुई. सुईच्या टोकानं त्या दहा-दहा दाणे अलीकडे ओढत होत्या. काही मोजायला घेतलं की त्यांचे ओठ हलत, आवाज मात्र येत नसे.

आत्याबाई दारात वाती वळत बसल्या होत्या. “चौतीसशे बारा,” त्या म्हणाल्या. जपातलं नाव घ्यावं तसा तो आकडा त्या घेत. “का गं?”

“काही नाही. यात बत्तीसशे नव्वदच भरले.”

आत्याबाईंचा हात वातीवरच थांबला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. कालिंदीवन्सं ही त्यांची लेक, ह्यांची थोरली बहीण. भोरला आमचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकानामागे दोन खोल्या आणि परसात तुळस. हे दिवसभर मशीनवर, मागे आम्ही बायका. वन्सं मात्र घरात फार नसत. मावळातल्या एका भात संशोधन केंद्रात त्या नोकरीला होत्या. लग्न केलेलं नव्हतं, देवळाची पायरी चढत नव्हत्या, आणि कुणी त्यावरून बोललं तर हसून विषय बदलत. त्या पावसाळ्यात खाचराच्या बांधावरून घसरून पाय मोडून घेतला म्हणून श्रावणभर घरी होत्या. केंद्रात त्यांचं काम दाणे मोजायचं. हजार दाणे मोजायचे, वजन करायचं, पुन्हा हजार मोजायचे. घरी वेळ जाईना, म्हणून त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं, देवाची वाटी रोज भरतेस तशी एक भरून दे, जरा हाताला चाळा. मी दिली.

ती वाटी लाखोलीची होती. आत्याबाईंनी महादेवाला लाख तांदूळ बोलले होते. अखंड दाणे, एक कणी चालायची नाही. आता लाख दाणे एकेक करून कोण मोजणार? आमच्याकडे बायका एक वाटी मोजतात आणि पुढे वाट्या मोजतात. आषाढ सरता सरता आत्याबाईंनी देवाजवळची चांदीची वाटी भरली आणि देवापुढे बसून दाणा दाणा मोजला. चौतीसशे बारा. म्हणजे तीस वाट्या वाहिल्या की लाख होऊन वर दोन हजार. रोज एक वाटी नदीकाठच्या देवळात पिंडीवर वाहायची, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी उरतील तेवढ्या एकदम वाहून उद्यापन करायचं, असं ठरलं. आत्याबाईंच्या हातांना कंप होता. भरलेली वाटी त्यांच्या हातून देवळापर्यंत धड जायची नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून वाटी भरायची आणि वाहायची मी.

आणि लाख पुरे होईपर्यंत त्यांनी भात सोडला होता. भाताच्या मुलखातल्या बाईनं भात सोडणं म्हणजे काय, हे दुसऱ्या मुलखात सांगून कळायचं नाही. खाचरांतून आंबेमोहोराचा वास सुटे, आणि आत्याबाई दात नसलेल्या तोंडानं दुधात भाकरी कुस्करत. नवस बोलल्या त्याच दिवसापासून त्यांनी ताटातला भात बाजूला केला, त्याला दोन वर्षं होत आली होती. मधला श्रावण मामंजी वारले त्यात गेला, त्यामुळे लाखोली लांबली. अंग निम्मं झालं होतं त्यांचं. वन्सं चेष्टा करत, “मी भाताच्या केंद्रात चाकरीला, नि माझी आई भात टाकून बसलेली. आमच्या साहेबांना कळलं तर बढती अडेल माझी.” आत्याबाई त्यावर एवढंच म्हणत, “तुला नाही कळायचं.”

नवस बोलल्या तेव्हा मी माहेरी होते, आणि तो कशासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आळीत कुणी विचारतही नसे. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्याकडे एकदा, आत्याबाईंकडे एकदा बघत आणि म्हणत, “पावेल हो महादेव.” मीही तेच धरून चालले होते. त्यांच्या भाकरीचा एकेक घास मला दिसे.

तर त्या दुपारी आत्याबाई उठून आत आल्या. पाटीकडे पाहिलं. वन्संनी पुन्हा मोजून दाखवलं. बत्तीसशे नव्वदच.

“डुलकी लागली असेल तुला,” वन्सं म्हणाल्या. “एखादं शेकडं दोनदा धरलं गेलं असेल. आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. वर दोन मुठी जास्त वाहा, झालं.”

“देवाशी मोघम बोलू नये.”

“जास्तच देतेयस ना?”

“किती जास्त?” आत्याबाईंनी विचारलं. “पहिली वाटी खोटी तर मी बोललेला आकडा खोटा. आकडा खोटा तर संकल्प खोटा. पुढच्या श्रावणात पहिल्यापासून धरीन.”

“म्हणजे आणखी वर्षभर भात नाही?”

“नाही.”

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. परसात जाऊन त्यांनी वातींचं तबक तुळशीपाशी ठेवलं आणि पाठ करून बसल्या. मला त्यांच्या खांद्याची हाडं लुगड्यातून दिसत होती. आणखी एक वर्ष ही बाई काढील की नाही, असं माझ्या मनात आलं आणि मी देवाचं नाव घेतलं.

वन्संचं हसू गेलं होतं. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

इथं माझ्या एका नेमाचं सांगायला हवं. श्रावणात कुणी एकभुक्त राहतं, कुणी पायांत वहाण घालत नाही. मी दुपारचा नैवेद्य दाखवल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन धरत असे. त्यामुळे वन्संशी माझं जे काही बोलणं झालं, ते त्या बोलत आणि मी मान हलवत असं, नाहीतर पाटीच्या कोपऱ्यात लिहून.

“मालन, तुला गणित येतं?”

मी मॅट्रिक होते, पण गणितानं मला नेहमी रडवलेलं. मी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवला, एवढंसं.

“तेवढं पुरे. आईची एक वाटी आणि माझी एक वाटी, यावरून काही कळत नाही. आणखी वाट्या मोजायला हव्यात, आणि हिशेब मांडायला हवा. मी मांडला तर तिला पटायचा नाही. म्हणेल, देवाधर्माचं वावडं आहे कार्टीला, मुद्दाम खोडा घालते. तू सांगितलंस तर पटेल. तू खोटं बोलत नाहीस, आणि दुपारची तर मुळीच बोलत नाहीस. म्हणून हे गणित तुलाच करायचंय. मी फक्त वाट दाखवीन.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्यासाठी वाटी भरून नेली. त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, “ही नको. परीक्षेला बसल्यासारखी भरलीयस. काठोकाठ, वर बोटानं चापून.”

खरंच होतं. कमी भरू नये म्हणून मी जपून जपून भरली होती.

मग त्यांनी रीत घालून दिली. रोज पहाटे स्नान करून, सोवळ्यानं, नाव घेत मी दोन वाट्या भरायच्या आणि दोन द्रोणांत ओतायच्या. कुठली देवाला जाणार ते मला माहीत नसायचं. दोन्ही द्रोण खाटेपाशी न्यायचे, वन्संनी डोळे मिटून एकावर बोट ठेवायचं. ज्यावर बोट पडेल ती मोजणीची, दुसरी महादेवाची. “दोन्ही भरताना तुला वाटलं पाहिजे, ही देवाचीच,” त्या म्हणाल्या. “तरच मला तुझा खरा हात कळेल.”

देव न मानणारी ही बाई भल्या पहाटे उठून, तोंड धुऊन, मी द्रोण घेऊन यायच्या आत खाटेवर ताठ बसलेली असे. एकदाही म्हणाली नाही की आज राहू दे. मी पुष्कळ व्रतं करणाऱ्या बायका पाहिल्यात, त्यांतली एक मीही आहे. इतका कडक नेम मी फार थोड्यांचा पाहिला.

दुपारी आम्ही दोघी मोजत असू. आधी त्या, मग मी, आकडा जमला नाही तर पुन्हा दोघी. काळ्या पाटीवर दाणा उठून दिसे. दहाचे ढीग, ढिगांचं शेकडं, शेकड्याला एक चिंचोका बाजूला. कणी सापडली तर वन्सं सुईनं बाहेर काढत आणि म्हणत, “ही तुझ्या देवाला चालत नाही. आमच्या साहेबांनाही नाही.”

पहिली ती बत्तीसशे नव्वद वन्संनी धरायला सांगितली, कारण काही माहीत नसताना भरलेली ती, म्हणून सगळ्यांत खरी. पुढे तेहतीसशे पन्नास आली. मग बत्तीसशे सत्तर. मग तेहतीसशे तीस. शेवटची तेहतीसशे दहा. आत्याबाई या सगळ्यात नव्हत्याच. दुपारी परसात जाऊन बसत, आणि माझ्याकडे बघत ते असं की जणू मी शेजारच्या घरात राहायला गेलेय.

पाच आकडे झाले तेव्हा वन्संनी पाटी पुसली, ती माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल दिली. “बेरीज.”

मी केली. पाचानं भागलं. तेहतीसशे दहा.

“ही सरासरी. म्हणजे तुझी वाटी बहुतकरून इथं भरते. आता प्रत्येक आकडा यापासून किती लांब, ते लिही. कमी असेल तर उणे, जास्त असेल तर अधिक.”

उणे वीस. अधिक चाळीस. उणे चाळीस. अधिक वीस. शेवटचा शून्य.

“त्यांची बेरीज कर.”

शून्य आलं. मला वाटलं चुकले. पुसलं, पुन्हा मांडलं, पुन्हा शून्य. मी घाबरून वर पाहिलं तर वन्सं तोंडावर पदर धरून हसत होत्या.

“चुकली नाहीस. नेहमीच शून्य येतं. अधिकवाले नि उणेवाले एकमेकांना खाऊन टाकतात. सरासरी असतेच तशी जागा, सगळ्यांची भांडणं मिटवणारी. पण आपल्याला भांडण मिटवायचं नाहीये, किती आहे ते बघायचंय. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच पटीनं गुण.”

वीस विसे चारशे. चाळीस चाळीस सोळाशे. पुन्हा सोळाशे, पुन्हा चारशे. उण्याचं उणेपण गेलं. बेरीज चार हजार. मी पाचानं भागायला गेले, त्यांनी माझा हात धरला. चारानं भाग म्हणाल्या. मी पाच बोटं दाखवली. “पाच खऱ्या. पण सरासरी तू याच पाचांतून काढलीस ना? चार कळले की पाचवा आपोआप ठरतो, त्याला वेगळं बोलायला काही उरत नाही. म्हणून चार.”

हे मला त्या दिवशी नीटसं कळलं नाही, पुढे कळलं. मी चारानं भागलं. हजार.

“आता वर्गमूळ.”

इथं मी पेन्सिल खाली ठेवली. वर्गमूळ शाळेत केलेलं, त्यावर किती पाणी वाहून गेलेलं. वन्संनी घाई केली नाही. अंकांच्या दोन-दोनच्या जोड्या पाडायच्या, पहिल्या जोडीत बसेल तो आकडा घ्यायचा, मग दुप्पट करून पुढच्याला जागा करायची, असं त्या सांगत गेल्या आणि मी हळूहळू उतरत गेले. तीन. मग एक. मग टिंब देऊन सहा. पाटी दोनदा भरली, दोनदा पुसली. एकदा वजाबाकी चुकली, तर त्यांनी सांगितलं नाही. नुसती सुई त्या ओळीवर ठेवली आणि मी शोधीपर्यंत थांबल्या. शेवटी आलं साडेएकतीसच्या किंचित वर.

“याला प्रमाण विचलन म्हणतात,” त्या म्हणाल्या. “नावाला भिऊ नकोस. सरासरी सांगते तुझी वाटी कुठं भरते. हे सांगतं तुझा हात किती हलतो. तुझा एवढाच हलतो. चांगला स्थिर हात आहे गं तुझा. आमच्याकडे नोकरी मिळेल.”

माझे कान गरम झाले. त्या घरात, त्या घराबाहेरही, माझ्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

“या विचलनाची तिप्पट कर.”

पंच्याण्णवच्या जवळपास.

“एकाच हाताच्या वाट्या सरासरीपासून तिपटीपलीकडे सहसा जात नाहीत. गेली तर समजायचं की काहीतरी निराळं घडलंय. आता आईची वाटी किती लांब?”

चौतीसशे बारातून तेहतीसशे दहा. एकशे दोन.

वन्संनी सुस्कारा टाकला. “बघ. मला वाटलंच होतं. नशिबाचा खेळ म्हणावा तर तेवढंही नाही. मोजणी चुकली तिची.”

मी पाटीवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. काहीतरी निराळं घडलंय. निराळं म्हणजे चूकच कशावरून? आत्याबाई देवापुढे बसून मोजत होत्या तो दिवस मला आठवत होता. मी दोनदा जेवायला बोलावलं तरी उठल्या नव्हत्या. शेकड्याला एक फूल बाजूला ठेवत होत्या. आणि मग मला सकाळचा चहा आठवला. साखर कधी त्या काढत, कधी मी. कंपामुळे त्यांच्या हातातली वाटी डब्याच्या काठावर टकटक आपटत राही, साखर बसत जाई, आणि त्यांच्या वाटीचा चहा माझ्या वाटीच्या चहापेक्षा कायम गोड होई. हे हसून म्हणत, “आज आईनं केलाय.”

मी पाटीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिले आणि पाटी वन्संकडे फिरवली.

हात वेगळा.

त्यांनी वाचलं. मग खाटेवरूनच हाक मारली. “आई, जरा आत ये. वाटी भरून दे.”

“झालं नाही का अजून तुझं मोजून?”

“तू भर तर.”

आत्याबाईंनी तांदळाच्या डब्यात वाटी घातली. आम्ही दोघी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात कापत होता, वाटी डब्याच्या कडेला लागून बारीक वाजत होती, आणि दर थरथरीला तांदूळ खाली खाली बसत होता. काठाशी जागा झाली की त्या चिमूट घालत. ती बसली की आणखी चिमूट. मग बोटानं सपाट केली, अगदी माझ्यासारखीच. दिसायला माझ्या वाटीत आणि त्यांच्या वाटीत काडीचा फरक नव्हता.

वन्संनी मोजली. चौतीसशे पाच. मी मोजली, तेवढीच. दुसरी भरायला सांगितली. चौतीसशे अठरा.

वन्संनी सुई खाली ठेवली. “आई, मी चुकले. तुझी वाटी चौतीसशे बाराचीच आहे. तू बरोबर मोजलंस.”

“शेकडं दोनदा नव्हतं ना धरलं?”

“नव्हतं धरलं. मी उगाच बोलले. आम्ही मोजल्या त्या मालनच्या हाताच्या वाट्या.”

आत्याबाई खाटेच्या कडेला टेकल्या. किती दिवसांनी त्या तिथं बसल्या होत्या. पाटीवरचे माझे वेडेवाकडे आकडे त्यांनी पाहिले, त्यांना ते वाचता येत नव्हते, आणि मला विचारलं, “हे तू केलंस?”

मी मान हलवली.

“मग लाख होतात की नाही?”

हे राहिलंच होतं. माझ्या हाताच्या तीस वाट्या म्हणजे नव्व्याण्णव हजार तीनशे. सातशे कमी. पण वन्संनी मला तिथंही सोडलं नाही. म्हणाल्या, आता सर्वांत वाईट धर. धर की तुझी प्रत्येक वाटी दोन-दोन विचलनं कमी भरली. असं कधी होत नाही, सगळ्याच्या सगळ्या कमी, पण देवाच्या कामात संशय ठेवायचा नाही ना? मग वाईटच धर आणि सांग. मी त्रेसष्ट वजा केले, आणि तीस पुरत नव्हत्या म्हणून एक वाटी वाढवून एकतिसांनी गुणलं. लाख होऊन वर साडेसहाशे उरत होते.

दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा लावला आणि मौन सोडून पहिले शब्द बोलले. “आत्याबाई, एकतीस वाट्या. तीस माझ्या हातानं, एकतिसावी तुमच्या. मग काही झालं तरी लाखाला कमी नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी दिव्याला हात जोडले.

शेवटच्या सोमवारी जोशीभटजी आले. देवघरापुढे पाट मांडला. वन्संची खाट दारातून दिसत होती, त्या भिंतीला टेकून बसून होत्या, पूजा चालली की एरवी मासिक वाचत तसं आज हातात काही नव्हतं. माझ्या तीस वाट्या वाहून झाल्या होत्या, आत्याबाईंनी एकतिसावी भरली. टकटक, टकटक. भटजींनी पळीत पाणी घेतलं, गोत्र विचारलं, आणि संकल्पासाठी विचारलं, “कुणाच्या नावानं? सूनबाईंच्या ना?”

“नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “लेकीच्या. कालिंदीच्या.”

भटजींनी वर पाहिलं.

“मागं तिला कावीळ झाली होती. तिकडं एकटी होती, जगते का मरते म्हणत होते. निरोप आला तेव्हा मी भात वाढून घेत होते. ताट तसंच सरकवलं, म्हटलं, महादेवा, लेक उठून बसू दे, लाख तांदूळ वाहीन, मग भाताला शिवेन.” त्यांनी कापऱ्या हातानं वाटी पुढं केली. “ही वाटी तिच्या उष्टावणाची. तिच्या मामानं दिलेली.”

मी त्या चांदीच्या वाटीनं महिनाभर तांदूळ भरत होते. कुणाची आहे हे विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आधी वाईट वाटलं. माझ्यासाठी नव्हतं काहीच. मग दुसऱ्या क्षणी वाटलं, म्हणजे ती भाकरीही माझ्यासाठी नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे सैल झाले.

वन्संनी खाटेवरून विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तू हसली असतीस.”

“हो,” वन्सं म्हणाल्या. “हसले असते.”

भटजींनी नाव घेतलं. आत्याबाईंनी तांदूळ वाहिले.

नैवेद्य दाखवून झाला आणि माझं मौन सुरू झालं. मी खाटेपाशीच पानं घेतली, वन्संना उठता येत नव्हतं म्हणून. आंबेमोहोराचा भात, वरण, वर तुपाची धार. आत्याबाईंनी हात धुतले आणि पानाकडे बघत बसून राहिल्या. मग घास घेतला, पण हात कापत होता, भात ओठांपर्यंत जाईना. एकदा सांडला, दुसऱ्यांदा सांडला. दोन वर्षांचं ते सगळं त्यांच्या बोटांत आलं होतं बहुतेक.

वन्संनी खाटेवरून खाली उतरायला सुरुवात केली. मी धावले, त्यांनी मला थांबवलं. प्लास्टरचा पाय लांब पुढं टाकून, भिंतीचा आधार घेत त्या आईशेजारी जमिनीवर बसल्या. देवघरापुढची चांदीची वाटी घेतली, पाण्यानं विसळली, तिच्यात वरणभात घेतला आणि बोटांनी मऊ कालवला. पहिला घास त्यांनी आईच्या तोंडाशी नेला.

आत्याबाईंनी डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. नंतरचे मला माहीत नाहीत.

मी वन्संच्या ओठांकडे बघत होते. ते हलत नव्हते.